सृष्टीला नावे ठेवणारा : कार्ल लिनियस

शब्बाथशाळेत उत्पत्तीचा दुसरा अध्याय शिकवताना मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. आदामाने सगळ्या पशुपक्ष्यांना नावे ठेवली, तर ती नावे कोणती? शिक्षक बहुधा हसून पुढच्या वचनाकडे वळतात. आपल्या भाषेत नावे ठेवणे म्हणजे दोष काढणे, आणि ते काम कोणी न शिकवताही आपल्याला चांगले जमते. पण सृष्टीतील प्रत्येक वनस्पतीला व प्राण्याला सर्व देशांनी मानावे असे खरोखरीचे नाव ठेवण्याचा उद्योग एका माणसाने जन्मभर केला. त्याचे चरित्र येथे सांगावयाचे आहे. तो खेड्यातल्या एका पाळकाचा मुलगा होता. त्याच्या कामाचा एक धागा उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात राहणाऱ्या चिमुकल्या लेमिंगपर्यंत जातो, तर दुसरा थेट आपल्या शेजारच्या सुरतेपर्यंत येऊन पोहोचतो.

कार्लचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधील रोसहुल्ट या खेड्यात झाला. वडील निल्स हे त्या वेळी सहायक पाळक होते. पुढे ते जवळच्याच स्टेनब्रोहुल्ट मंडळीचे मुख्य पाळक झाले. आई क्रिस्टिना हीही पाळकाचीच कन्या. त्या काळी स्वीडनच्या खेड्यांत आडनावाची चाल नव्हती. वडिलांनी विद्यापीठात जाताना आपल्या शिवारातील लिंडेन नावाच्या एका मोठ्या झाडावरून लिनियस हे आडनाव घेतले. ज्या मुलाने पुढे हजारो झाडांना नावे दिली त्याचे स्वतःचे नाव अशा रीतीने झाडाकडून आलेले होते.

निल्स यांना बागेचा फार नाद. अंगणात त्यांनी परदेशी रोपेसुद्धा लावली होती. कार्ल चालायला लागल्यापासून बापाच्या पाठोपाठ वाफ्यांतून हिंडे व दिसेल त्या फुलाचे नाव विचारी. सांगितलेले नाव विसरून पुन्हा विचारले तर मात्र वडील रागावत. आईच्या मनात मुलाने वडिलांच्या व्याख्यानपीठावर उभे राहावे असे होते. पण वेक्शो गावच्या शाळेत कार्लचे लक्ष हिब्रू व धर्मशास्त्र यांत लागेना. १७२६ साली वडील चौकशीस गेले तेव्हा शिक्षकांनी साफ सांगितले की हा मुलगा पाळकपणाच्या कामाचा नाही, याला एखाद्या शिंप्याकडे किंवा चांभाराकडे उमेदवारीला लावावे. निल्स फार खट्टू झाले. त्यांच्या सुदैवाने त्याच शाळेत शिकवणारे डॉ. योहान रोथमन यांनी मुलाची पारख केली होती. त्यांनी कार्लला घरी ठेवून घेतले आणि वैद्यकाचे धडे दिले. ही बातमी बरेच दिवस आईपासून लपवून ठेवण्यात आली. कळल्यावर त्या माउलीने सारा दोष बागेला दिला आणि धाकट्या सॅम्युएलला वाफ्यांत पाऊल टाकण्याची बंदी केली! सॅम्युएल खरोखरच पाळक झाला. वडिलांच्या मागे त्याच मंडळीची सेवा त्याने केली. पण घराण्याचा गुण कोठे जातो? त्याने मधमाश्या पाळल्या आणि त्यांच्यावर पुस्तक लिहिले.

लुंड येथे एक वर्ष काढून कार्ल १७२८ साली उप्साला विद्यापीठात आला. खिशात पैसा नव्हता. बुटांचे तळ फाटले की आत कागद घालून तो चाले. एके दिवशी विद्यापीठाच्या ओसाड बागेत तो फुले पाहत असताना एका वृद्ध गृहस्थाने त्याच्याशी बोलणे काढले व त्याचे ज्ञान पाहून चकित होऊन त्याला आपल्या घरी राहावयास नेले. हे गृहस्थ ओलोफ सेल्सियस, धर्मशास्त्राचे अध्यापक. पवित्र शास्त्रात उल्लेखलेल्या वनस्पतींवर ते एक ग्रंथ रचीत होते. एजोब कोणता, गंधसरू कोणता, हे नीट ठरवावयाचे तर वनस्पती ओळखणारा मदतनीस हवाच होता. येथून कार्लचे दिवस पालटले. पीटर आर्टेडी नावाचा एक जिवलग मित्रही त्याला याच काळात मिळाला. दोघांनी जणू सृष्टी वाटून घेतली. मासे आर्टेडीकडे, फुले व पक्षी कार्लकडे, आणि एकजण आधी मेला तर दुसऱ्याने त्याचे काम पुरे करावयाचे असा करार. १७३५ साली ॲमस्टरडॅमच्या कालव्यात रात्री पडून आर्टेडी बुडाला. कार्लने करार पाळला. मित्राचा माशांवरील ग्रंथ त्याने छापून घेतला.

त्यापूर्वी १७३२ सालच्या मे महिन्यात, पंचविशीत असताना, कार्ल लॅपलँडला गेला. उप्सालाच्या विज्ञान संस्थेने थोडी रक्कम दिली होती. घोड्यावर बसून, भिंग व टिपणवही घेऊन तो एकटाच निघाला. दलदली, हिमनद्या व ओसाड डोंगर ओलांडून नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन पाच महिन्यांनी परतला. रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या तंबूत तो राहिला, त्यांचे अन्न त्याने खाल्ले, त्यांची औषधे टिपून घेतली. (परत आल्यावर प्रवासाचे अंतर त्याने खर्चाच्या हिशेबात वाढवून लिहिले असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. थोर माणसाच्या चरित्रात असली गोष्ट गाळावी असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही.)

या डोंगराळ मुलखात एक उंदरासारखा प्राणी राहतो. लांबी वीतभरसुद्धा नाही, शेपूट इतके आखूड की नसल्यासारखे, अंगावर पिवळट, तांबूस व काळ्या रंगांचे ठिपके. हा लेमिंग. एरवी कोठे दिसत नाही, पण तीन-चार वर्षांनी कधी कधी त्यांची संख्या इतकी वाढते की डोंगरावरून झुंडीच्या झुंडी खाली उतरतात, शेतेकुरणे फस्त करतात, नद्या पोहून जाताना कित्येक बुडतात. मग एकाएकी सारे नाहीसे होतात. आदल्या रात्री एकही नव्हता व सकाळी अंगणभर उंदीर, हे पाहून लोकांनी काय समजावे? लोक म्हणत की हे ढगांतून पावसाबरोबर पडतात. ही केवळ अडाण्यांची समजूत नव्हती. ओलाउस माग्नुस या विद्वान आर्चबिशपाने १५५५ सालच्या आपल्या ग्रंथात ती नोंदली. १६५३ साली डेन्मार्कचा वैद्य ओले वोर्म याने लेमिंगवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याने प्राणी फाडून पाहिला, आतील अवयव इतर उंदरांसारखेच आहेत हे दाखवले, आणि तरीही ते वाऱ्याने उचलून आणलेले असावेत म्हणून आकाशातून पडतात ही गोष्ट मान्यच केली! या उंदरांच्या निवारणासाठी चर्चमध्ये म्हणावयाची एक जुनी प्रार्थनाही त्याने छापली आहे. नांगरटीचे पीक जाण्याची भीती खरी होती, तेव्हा त्या प्रार्थनेला हसण्याचे कारण नाही.

लिनियस यांनी १७४० साली स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या वार्तापत्रात या विषयावर लेख लिहिला. लेखाच्या शीर्षकातच ढगांतून खाली येतात असे सांगितल्या जाणाऱ्या प्राण्यांचा उल्लेख आहे. लेख लॅटिनमध्ये न लिहिता स्वीडिश भाषेत लिहिला, कारण अकादमीचा हेतूच शेतकरी, पाळक, कारागीर यांनी वाचावे असा होता. लेमिंग डोंगरावर बिळे करून राहतो, तेथेच त्याची वीण होते, व गर्दी झाली की तो खाली उतरतो, एवढाच त्यातील साधा अर्थ. पण शेकडो वर्षांच्या ऐकीव गोष्टीवर प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट ठेवण्याचे ते काम होते. दोन विद्वानांनी छापले म्हणजे ते खरे असे त्यांनी धरले नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याने लेमिंगला आकाशातून खाली उतरवले, त्याच लिनियस यांचा पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या बुडाशी जाऊन झोपतात यावर शेवटपर्यंत विश्वास होता. पाकोळ्या दूरच्या उबदार देशांत जातात हे त्यांना पटले नाही. लॅपलँडचे डोंगर त्यांनी पाहिले होते; तळ्याचा तळ मात्र पाहिला नव्हता.

मधली वर्षे थोडक्यात सांगतो. १७३५ साली ते हॉलंडला गेले, तेथे वैद्यकाची पदवी घेतली, आणि त्याच वर्षी लायडन येथे ‘सिस्टिमा नॅचुरे’ हे त्यांचे पुस्तक निघाले. पुस्तक कसले, मोठ्या आकाराची जेमतेम डझनभर पाने! पण त्या पानांत खनिजे, वनस्पती व प्राणी ही तीन राज्ये कोष्टकात मांडलेली होती. पुढील आवृत्त्यांच्या आरंभी त्यांनी १०४ व्या स्तोत्रातील चोविसावे वचन घातले. वाचकांनी ते स्तोत्र काढून पाहावे. १७३८ साली ते मायदेशी आले, दुसऱ्या वर्षी सारा लीसा मोरेया हिच्याशी विवाह झाला, विज्ञान अकादमीचे पहिले अध्यक्षपदही त्याच वर्षी मिळाले. १७४१ पासून अखेरपर्यंत ते उप्सालाचे प्राध्यापक होते. स्वभाव आनंदी, शिकवणे रसाळ. विद्यार्थ्यांना घेऊन ते रानात फिरत व संध्याकाळी सारी पलटण वाजतगाजत गावात येई. आत्मप्रौढीही भरपूर. स्वतःची स्तुती त्यांनी स्वतःच्या आत्मवृत्तांत मनापासून लिहिली आहे. फुलांतील पुंकेसर व स्त्रीकेसर मोजून त्यांनी वनस्पतींचे वर्ग पाडले तेव्हा सीगेसबेक नावाच्या एका विद्वानाने ही पद्धत अश्लील व देवाच्या इच्छेविरुद्ध आहे अशी टीका केली. लिनियस यांनी एका चिकट तणाला त्याचे नाव देऊन टाकले. ते तण आपल्याकडेही उगवते आणि शास्त्रीय पुस्तकांत आजही त्या बिचाऱ्याच्या नावानेच ओळखले जाते.

एवढी सृष्टी उप्सालात बसून पाहणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी आपले विद्यार्थी देशोदेशी पाठवले. लोक त्यांना लिनियसचे प्रेषित म्हणत. अशा सतरा जणांची नावे प्रसिद्ध आहेत. स्वीडनची ईस्ट इंडिया कंपनी १७३१ साली गॉथेनबर्ग येथे निघाली होती. तिच्या गलबतांवर खलाशांच्या उपासनेसाठी पाळक असत. लिनियस यांनी कंपनीच्या चालकांकडून वर्षाला एका अभ्यासकाला फुकट प्रवासाची सवलत मिळवली, आणि पाळकांतील निसर्गाची आवड असणारे तरुण या कामी लावले.

या सोयीची किंमत जबर होती. पहिले क्रिस्टोफर टेर्नस्ट्रोम हे मुलाबाळांचे पाळक, १७४६ साली चीनच्या वाटेवर पुलो कोंडोर बेटात वारले. त्यांची विधवा लिनियसकडे येऊन माझ्या लेकरांचा बाप तुम्ही नेला म्हणून भांडली. लिनियस यांना ते लागले. तेथून पुढे शक्यतो अविवाहित तरुणच त्यांनी पाठवले. पण पाठवणे थांबवले नाही. फ्रेडरिक हॅसेलक्विस्ट पवित्र भूमीत गेले, गालील व यरुशलेम पाहिले, तेथील वनस्पती-प्राणी टिपले आणि १७५२ साली परतीच्या वाटेवर स्मर्नाजवळ मरण पावले. त्यांची टिपणे गुरूने छापली. पेहर लोफलिंग १७५६ साली दक्षिण अमेरिकेत गेले. पेहर फोर्सकोल १७६३ साली येमेनमध्ये तापाने वारले. त्यांच्या तुकडीतील सोबती एकामागून एक गेले, एक तर मुंबईत १७६४ साली. शेवटी एकटे कार्स्टेन नीबूर उरले आणि त्याच वर्षी सुरत पाहून पुढे मायदेशी परतले. गुरू घरी बसून कोष्टके भरीत होता आणि शिष्य मरत होते असे कोणी म्हटले तर ते कठोर होईल, पण खोटे होणार नाही.

सुरतेला आलेले रे. ओलोफ टोरेन यांची गोष्ट अशीच आहे. त्यांचा जन्म १७१८ चा. कंपनीच्या गलबतावर पाळक म्हणून ते आधी एकदा चीनपर्यंत जाऊन आले होते. १ एप्रिल १७५० रोजी त्यांचा दुसरा प्रवास सुरू झाला. गलबताचे नाव ‘गोथा लेयोन’, म्हणजे गोथांचा सिंह. आफ्रिकेला वळसा घालून ते सुरतेस आले, तेथून चीनला गेले आणि २६ जून १७५२ रोजी हा प्रवास संपला. वाटेतील हकीकत त्यांनी लिनियसना पत्रांच्या रूपाने लिहिली.

ती सुरत कशी होती? मराठी वाचकाला सुरत म्हटले की १६६४ व १६७० सालच्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात. टोरेन आले तेव्हा त्या गोष्टीला ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती. मोगलांचा दरारा संपत आला होता, इंग्रजांनी किल्ला घ्यायला अजून आठ वर्षे अवकाश होता, आणि तापीकाठच्या बाजारात कापड, नीळ, मसाले यांची उलाढाल चालूच होती. बनिये, पारशी, बोहरी, आर्मेनियन, डच, इंग्रज अशी सरमिसळ वस्ती. परदेशी प्रवाशांना सर्वांत नवल वाटे ते बनिया लोकांच्या पांजरपोळाचे. इंग्रज पाळक ओव्हिंग्टन यांनी १६९६ साली छापलेल्या आपल्या सुरतेच्या पुस्तकात त्याचे वर्णन केले आहे. म्हातारे बैल, लंगडी घोडी, आजारी पक्षी यांना तेथे आसरा मिळे, आणि जुन्या प्रवासवर्णनांत उंदरांनाही तेथे जागा असल्याची नोंद आहे. नॉर्वेत ज्यांच्या नाशासाठी प्रार्थना होत होत्या त्यांच्या सुरतेतील भाऊबंदांना धान्य घातले जात होते!

टोरेन परत आले ते आजारी होऊनच. १७५३ साली, पस्तीस वर्षांचे असताना, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याकडील नेसिंगे येथे ते वारले. त्याच वर्षी लिनियस यांचा वनस्पतींवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्यात एका सुंदर निळसर फुलांच्या आशियाई वनस्पतीला त्यांनी टोरेनिया हे नाव दिले. आपल्याकडील रोपवाटिकांत पावसाळ्यात टोरेनियाची रोपे विकायला असतात. ती विकत घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की हे सुरतेला येऊन गेलेल्या एका पाळकाचे स्मारक आहे. टोरेन यांची पत्रे १७५७ साली त्यांचे सहव्यवसायी रे. पेहर ओस्बेक यांच्या प्रवासवृत्तासोबत छापली गेली. मथळ्यातच सुरतेचे नाव होते.

आता लिनियस यांच्या मुख्य कामाकडे येऊ. पूर्वी प्राण्याचे शास्त्रीय नाव म्हणजे एक लांबलचक वाक्यच असे. लेमिंगचे नाव काय, तर आखूड शेपटीचा, पिंगट व काळ्या मिश्र अंगाचा उंदीर, अशा धाटणीचे. हे कोण पाठ करणार? लिनियस यांनी दोन शब्दांचे नाव रूढ केले, एक शब्द कुळाचा व दुसरा त्या जातीचा. आपल्याकडे जसे आडनाव व नाव, फक्त आडनाव आधी. १७५८ साली ‘सिस्टिमा नॅचुरे’ची दहावी आवृत्ती निघाली, तीत सर्व प्राण्यांना अशी जोडनावे मिळाली. प्राणिशास्त्रातील अधिकृत नावांचा आरंभ आज याच वर्षापासून धरतात. घरातला उंदीर झाला मुस मुस्क्युलुस, काळा उंदीर मुस रॅटस, आणि लेमिंग मुस लेम्मुस.

तेव्हाचे मुस हे कुळ म्हणजे जुन्या वाड्यातले एकत्र कुटुंब होते. त्यात उंदीर होते, लेमिंग होता, हॅमस्टर होता, डोंगरी मार्मोट होता, दक्षिण अमेरिकेतून आलेला गिनीपिगसुद्धा होता. त्याहून मौज अशी की कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणात त्यांनी साळिंदर, बीव्हर, ससा, खार यांच्या पंक्तीला चक्क गेंडा बसवला होता! पुढील आवृत्तीत गेंड्याला तेथून उठवले. ससाही आता वेगळ्या गणात मोडतो. उलट चिचुंद्रीच्या बाबतीत त्यांची नजर चुकली नाही. आपण तिला उंदरातच धरतो, पण तिचे दात कुरतडण्याचे नव्हेत, किडे खाण्याचे आहेत. १७६६ साली लिनियस यांनी तिला उंदरासारखी या अर्थाचे नाव दिले आणि कूळ मात्र उंदरांहून निराळे ठेवले.

याच दहाव्या आवृत्तीत मनुष्यजातीचेही त्यांनी चार खंडांप्रमाणे चार प्रकार पाडले, आणि रंगाबरोबर प्रत्येकाच्या स्वभावाचे गुणदोष लिहिले. युरोपियनांच्या वाट्याला कल्पकता आली व आफ्रिकेच्या आणि आशियाच्या लोकांच्या वाट्याला आळस, लोभ वगैरे. लेमिंगच्या बाबतीत ऐकीव गोष्ट न मानणाऱ्या माणसाने येथे ऐकीव गोष्टच शास्त्र म्हणून छापली. पुढे या कोष्टकाचा आधार घेऊन काय काय अन्याय झाले ते आपण जाणतो. टोरेन यांच्यासारख्या, आशियाई माणसे डोळ्यांनी पाहून आलेल्या शिष्यांची पत्रे हाताशी असताना हे घडावे याचे वाईट वाटते.

उतारवयात मानमरातब मिळाले. १७६१ साली राजाने सरदारकी दिली. उप्सालाजवळ हम्मर्बी येथे त्यांनी शेतवाडी घेतली होती. तेथे टेकडीवर दगडी खोली बांधून त्यांनी संग्रह आगीपासून सुरक्षित ठेवला. आरंभी देवाने निर्मिली तेवढ्याच जाती, नवी जात होत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. पण काही वनस्पतींत नवे आकार उपजताना दिसू लागले तसा हा ठामपणा त्यांनी कमी केला. १७७४ साली पक्षाघाताचा झटका आला. शेवटी शेवटी त्यांना स्वतःचे नावही आठवेना. ज्याने हजारो नावे दिली त्याची ही अवस्था शिष्यांना पाहवत नसे. १० जानेवारी १७७८ रोजी त्यांचे निधन झाले व उप्सालाच्या मोठ्या चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. पाच वर्षांनी मुलगाही गेला. सारा लीसाबाईंनी मुलींच्या भविष्याच्या काळजीने सारा संग्रह १७८४ साली इंग्रज डॉक्टर जेम्स स्मिथ यांना विकला. आज तो लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे.

एकत्र कुटुंब मात्र टिकले नाही. लिनियस वारले त्याच वर्षी पीटर सायमन पालास या बर्लिनच्या शास्त्रज्ञाचा कुरतडणाऱ्या प्राण्यांवरील ग्रंथ निघू लागला. तो सायबेरियाचा प्रदेश पायाखाली घालून आला होता. त्याने गळपट्टीच्या लेमिंगची नोंद केली. हा प्राणी हिवाळ्यात पांढराशुभ्र होतो आणि बर्फ उकरण्यासाठी त्याच्या पुढच्या पायांच्या दोन नख्या वाढून दुहेरी होतात. १७९५ साली लिंक या जर्मन अभ्यासकाने लेमिंगांची चूल वेगळी मांडली. तेव्हापासून लिनियसच्या मुस लेम्मुसचे नाव लेम्मुस लेम्मुस झाले. दुसरा शब्द लिनियसचा, म्हणून पुढे त्यांचे नाव व १७५८ हे साल कायम लिहिले जाते. १८४१ साली गळपट्टीचे लेमिंगही निराळे झाले, आणि त्यांचे नवे नाव त्या दुहेरी नखीवरूनच पडले. वेगळे कशावरून ओळखावयाचे? मुख्यतः दातांवरून. घरच्या उंदराच्या दाढांवर उंचवटे असतात. लेमिंगच्या दाढा त्रिकोणी घड्यांच्या असून गवत चावून झिजल्या तरी जन्मभर वाढत राहतात. अलीकडे पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासून असे दिसले आहे की खरे लेमिंग व गळपट्टीचे लेमिंग ही दिसायला सारखी असली तरी सख्खी भावंडे नव्हेत. लेमिंगचे दूरचे आप्त आपल्या देशातही आहेत. कुमाऊँ, काश्मीर, लडाखच्या उंचीवर खडकांत राहणारे आखूड शेपटीचे डोंगरी उंदीर त्याच उपकुळातले.

कोणी म्हणेल, कोणता उंदीर कोणत्या कुळाचा याने आमचे काय अडले? १९९४ सालच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग फैलावला. पन्नासहून अधिक माणसे गेली, लाखो लोक शहर सोडून पळाले, गाड्यांच्या टपांवर बसून महाराष्ट्रात आले. त्याआधीच ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या तापाचे रोगी आढळले होते. तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न पडला तो हाच की मेलेला उंदीर घरातला की रानातला? रानातल्या जरबिल जातीच्या उंदरांत हा रोग वर्षानुवर्षे दडून राहू शकतो, त्यांच्या पिसवा घरच्या उंदरांवर येतात, व तेथून माणसावर. चिचुंद्री, घूस, काळा उंदीर, जरबिल ही सगळी नुसती उंदीर म्हणून एका पिशवीत टाकली तर रोगाची वाट सापडत नाही.

लेमिंगबद्दलची ऐकीव गोष्ट मात्र पुन्हा उगवली. १९५८ साली, म्हणजे लिनियस यांनी नाव दिल्याला बरोबर दोनशे वर्षे झाली तेव्हा, अमेरिकेतील डिस्ने कंपनीने एक निसर्गपट काढला. त्यात लेमिंगांचा कळप कड्यावरून समुद्रात उड्या घेऊन आत्महत्या करताना दाखवला. पुढे चौकशीअंती बाहेर आले की ते दृश्य कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, समुद्रापासून कितीतरी दूर, विकत आणलेले लेमिंग ढकलून घेतलेले होते. तोवर त्या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिकही मिळून गेले होते. एका शतकात हा प्राणी आकाशातून पडत होता, दुसऱ्या शतकात कड्यावरून पडू लागला! आपल्या मुलांच्या पुस्तकांतही ही आत्महत्येची गोष्ट अधूनमधून आढळते. शिक्षकांनी ती वाचून दाखवताना खरी हकीकत सांगावी.

आता सुरतेचा दुसरा धागा. १७६६ साली लिनियस यांनी आपल्याकडील पट्टेदार खारीला ताडावरची खार अशा अर्थाचे नाव दिले. ही तीन पट्ट्यांची, दक्षिणेकडची. पाठीवरून रामाने बोटे फिरवल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेलीच आहे. पण उत्तरेकडे व कोरड्या मुलखात आढळणाऱ्या खारीच्या अंगावर पाच पट्टे असतात. पुष्कळ वर्षे दोघींची गल्लत होत राहिली. रॉबर्ट चार्ल्स रॉटन हे मुंबई इलाख्यातील जंगल खात्याचे अधिकारी, १८७१ पासून १९०४ पर्यंत नोकरीत होते आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. निवृत्त होऊन ते लंडनच्या संग्रहालयात भारतीय सस्तन प्राणी तपासू लागले आणि १९०५ साली सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी पाच पट्ट्यांची खार स्वतंत्र जात असल्याचे जाहीर केले. नाव ठेवले ते थॉमस पेनंट यांच्या स्मरणार्थ. पेनंट हे वेल्समधील गृहस्थ, लिनियस यांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार असे, आणि लेमिंगादी उत्तर ध्रुवाकडील प्राण्यांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला होता.

नव्या जातीचे नाव जाहीर करताना ती कोठे मिळाली हे लिहावे लागते, व पुढे शंका आली तर त्याच ठिकाणच्या नमुन्याशी पडताळून पाहतात. पाच पट्ट्यांच्या खारीपुढे जगभरच्या शास्त्रीय सूचींत आजही जे ठिकाण लिहिलेले असते ते आहे मांडवी तालुका, सुरत जिल्हा.